ओटीपीपुरता भाड्याचा नंबर: फुकटचा, पैशाचा, महिन्याचा, सगळे वापरून लिहितोय

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. ऑनलाइन अकाउंट उघडताना आपला खरा मोबाईल नंबर द्यायचा नसेल तर व्हर्च्युअल नंबर (म्हणजे आपल्या फोनमध्ये सिम नसलेला, मेसेज वेबसाइटवर किंवा अ‍ॅपमध्ये दाखवणारा नंबर) घेऊन त्यावर ओटीपी मागवता येतो, हे खरं आहे, पण ते चालतं फक्त अशा अकाउंटसाठी जे उद्या गेलं तरी तुम्हाला काडीचा फरक पडणार नाही. ज्या अकाउंटमध्ये तुमचे पैसे, फोटो, गिऱ्हाइकं, ओळखीची माणसं, कामाचे कागद यातलं काहीही आहे त्याला असला नंबर लावू नका. आणि आपल्याकडे बहुतेक लोक ज्या कारणासाठी हे शोधतात त्याला याच्यापेक्षा स्वस्त आणि सरळ उपाय आहेत, तेही पुढे लिहिलेत.

मी हे शोधायला लागलो त्याचं कारण अगदी साधं आहे. आईचा कर्वेनगरचा वन बीएचके भाड्याने द्यायचा होता म्हणून प्रॉपर्टीच्या एका साइटवर जाहिरात टाकली. पुण्यात ज्याने ज्याने हे केलंय त्याला पुढचं सांगायला नको. भाडेकरू राहिले बाजूला, ब्रोकरांचे फोन सुरू झाले, "सर फ्लॅट गेला का", "सर आपल्याकडे आयटीतली पार्टी आहे", आणि फ्लॅट जाऊन, अ‍ॅग्रीमेंट होऊन, लोक राहायला आले तरी होम लोनवाले, इंटिरियरवाले, पॅकर्स मूव्हर्सवाले थांबायला तयार नाहीत. मला निदान फोन कट करून पुढे जाता येतं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने जुनी सायकल विकायला टाकली तर रात्री अकरानंतर "हाय, सायकल आहे का" पासून सुरू होऊन भलतीकडे जाणारे मेसेज यायला लागले. ती नंबरच बदलून टाकणार होती, पण नंबर बदलायचा म्हणजे बँक, आधार, गॅस बुकिंग, पीएफ, सोसायटीच्या गेटचं अ‍ॅप, मुलाच्या शाळेचा ग्रुप, सगळीकडे बदलायचा. एका दहा आकडी नंबरावर आपण सगळा संसार टांगून ठेवलाय आणि तोच नंबर चपला घ्यायला गेलं तरी काउंटरवर मागतात. त्यामुळे कुणाला आपला खरा नंबर द्यावासा वाटत नसेल तर त्यात लपवाछपवी काही नाही, ते वाटणं बरोबरच आहे आणि मी ते धरूनच पुढे लिहितोय.

पहिला प्रकार फुकटच्या साइटचा. शोधलं की ढिगाने मिळतात. साइट उघडली की देशांचे झेंडे आणि त्याखाली नंबर, अमेरिका, इंग्लंड, स्वीडन, फिनलंड, कधीकधी भारतसुद्धा. रजिस्टर करायचं नाही, पैसे नाहीत, एखादा नंबर निवडायचा, जिथे हवा तिथे टाकायचा आणि त्या पानावर येणारे मेसेज बघत बसायचं. गोम अशी की ते पान तुम्हाला दिसतं तसंच जगात सगळ्यांना दिसतं. मी एका नंबराचं पान उघडून नुसतं बघत बसलो तर एकामागून एक मेसेज येत होते, कुणाचा डेटिंग अ‍ॅपचा कोड, कुणाचा गेमचा, कुणाच्या क्रिप्टो वॉलेटचा, मध्येच पासवर्ड रिसेटची लिंक, आणि हे सगळं उघड्यावर. मग मुद्दाम तपासायला एका रेसिपीच्या साइटवर कामचलाऊ अकाउंट उघडलं, कोड आला, आत गेलो. लॉगआउट केलं, "पासवर्ड विसरलात" दाबलं, त्याच पानावर दुसरा कोड आला आणि परत आत गेलो, पासवर्ड माहीत असायची गरजच पडली नाही. मी गेलो तसा त्या क्षणी ते पान उघडून बसलेला कुणीही जाऊ शकला असता, फक्त त्या साइटवर त्या नंबराचं अकाउंट आहे एवढं कळायला हवं, आणि ते तर मेसेजमध्येच लिहिलेलं असतं की कुठल्या साइटचा कोड आहे.

दुसरं म्हणजे हे नंबर इतके वापरून झालेले असतात की मोठ्या कुठल्याच ठिकाणी चालत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, गुगल, इन्स्टा, कुठेही टाका, एकतर "हा नंबर आधीच वापरात आहे" किंवा "या नंबरावर व्हेरिफिकेशन करता येणार नाही". चालतात फक्त किरकोळ जागी, एखादी पीडीएफ उतरवायला नंबर मागणारी साइट, एखाद्या मॉलचं वायफाय, तेही परदेशी नंबर घेत असेल तरच, कारण आपल्याकडच्या बऱ्याच साइटला +९१ शिवाय दुसरं काही टाकताच येत नाही. पाचपैकी एक देतो, तोही फुकट आहे म्हणून.

प्ले स्टोअरवरची "सेकंड नंबर" वाली अ‍ॅप पण बघितली, त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. अमेरिकेचा किंवा कॅनडाचा इंटरनेटवरचा नंबर देतात, जाहिराती दाखवून क्रेडिट मिळवायला लावतात, काही दिवस वापर केला नाही की नंबर काढून घेतात. एका अ‍ॅपने तर आत जायच्या आधीच कॉन्टॅक्ट, कॉल लॉग आणि माइक तिन्हीची परवानगी मागितली, म्हणजे आपला एक नंबर लपवायला जायचं आणि फोनमधले बाकी सगळ्यांचे नंबर त्यांच्या हवाली करायचे. लगेच काढून टाकलं. गुगल व्हॉइस यापेक्षा कितीतरी बरं आहे, २००९ पासून चालू आहे, पण साध्या माणसाला ते फक्त अमेरिकेत मिळतं आणि घ्यायला आधी अमेरिकेचा एक फोन नंबर लागतो, त्यामुळे इथे बसून त्याचा विचार सोडा.

आता पैशाच्या साइट, याच्यावर जरा सविस्तर लिहितो कारण लोक सगळ्यात जास्त याच वापरतात. पद्धत अशी की आधी वॉलेटमध्ये पैसे भरायचे, बहुतेक ठिकाणी डॉलरमध्ये, कार्डाने किंवा क्रिप्टोने, यूपीआय क्वचित. मग कुठल्या अ‍ॅपसाठी नंबर हवाय ते निवडायचं, मग देश. प्रत्येक अ‍ॅपचा आणि प्रत्येक देशाचा भाव वेगळा, इंडोनेशियाचा नंबर पाच-दहा रुपयांना पडतो तर अमेरिकेचा किंवा जर्मनीचा त्याच अ‍ॅपसाठी कितीतरी महाग. नंबर मिळाला की घड्याळ सुरू होतं, साधारण वीस मिनिटं, तेवढ्यात कोड आला तर आला, नाही आला तर पैसे परत, पण परत म्हणजे त्यांच्याच वॉलेटमध्ये, तुमच्या कार्डावर नाही. म्हणजे दहा रुपयांचं काम करायला आठ-नऊशे भरायचे आणि उरलेले तिथेच अडकले, कारण परत काही घ्यायची गरज लागेलच असं नाही.

कोड येतो का? कधी येतो, कधी नाही. मी टेलिग्रामचं एक टेस्ट अकाउंट उघडायचा प्रयत्न केला, पहिल्या देशाचा नंबर टाकल्या टाकल्या नाकारला, दुसऱ्याला कोड एसएमएसने न येता "तुमच्या दुसऱ्या डिव्हाइसवरच्या टेलिग्रामवर पाठवलाय" असं आलं, म्हणजे त्या नंबरावर आधीच कुणाचं तरी अकाउंट चालू होतं, माझ्या आधी कुणीतरी भाड्याने घेऊन गेलेलं. पुढे एका नंबरावर कोड आला, अकाउंट उघडलं, आणि एक आठवडाही गेला नाही तोच ते बंद झालं, तक्रार करायला जागा नाही. साइटवाल्यांच्या सपोर्टने उत्तर दिलं की कोड आला म्हणजे आमचं काम झालं, पुढचं तुमचं तुम्ही बघा. त्यांच्या नियमात तसं लिहिलेलंच आहे, त्यामुळे फसवलं असं म्हणत नाही, पण घेणाऱ्याला हे आधी माहीत असावं. सपोर्ट मिळाला तो चॅटवर, इंग्रजी तोडकंमोडकं, पण उत्तर पटकन दिलं, हे मान्य.

नंबर नाकारला का जातो हे समजून घेतलं तर पुष्कळ पैसे वाचतील. आपल्याला वाटतं नंबर म्हणजे नंबर, पण प्रत्येक नंबर कुठल्या कंपनीचा, मोबाईलचा की लँडलाइनचा की इंटरनेटवरचा, हे विचारता येतं. ट्विलिओसारख्या कंपन्या अशी चौकशीची सेवा विकतात, मोठी अ‍ॅप कोड पाठवायच्या आधीच तिथे विचारून घेतात आणि इंटरनेटवरचा म्हणजे व्हीओआयपी नंबर निघाला की दारातूनच परत. म्हणून या साइट "आमचे नंबर नॉन-व्हीओआयपी, खऱ्या सिमचे" असं मोठ्या अक्षरात लिहितात आणि त्याचे जास्त पैसे घेतात. त्याशिवाय एका नंबरावर किती अकाउंट उघडली गेली, किती बंद पडली, नंबर एका देशाचा आणि इंटरनेट दुसऱ्या देशाचं असं आहे का, हे पण बघितलं जातं. इंडोनेशियाचा नंबर आणि कोथरूडचं वायफाय ही जोडी लगेच नजरेत येते.

मग प्रश्न पडतो की खऱ्या सिमचे एवढे नंबर या लोकांकडे येतात कुठून. याला म्हणतात सिम फार्म, म्हणजे सिमबॉक्स नावाची यंत्रं, एकेका यंत्रात डझनावारी सिमकार्डं घातलेली, आणि येणारा प्रत्येक मेसेज कॉम्प्युटर वाचून वेबसाइटवर टाकतो. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये युरोपातल्या लॅटव्हिया देशात पोलिसांनी युरोपोलच्या (युरोपियन युनियनच्या पोलीस संस्थेच्या) मदतीने असल्याच एका धंद्यावर छापे टाकले, तिथे १२०० सिमबॉक्स आणि त्यात चालू असलेली ४०,००० सिमकार्डं सापडली, ८० पेक्षा जास्त देशांतल्या लोकांच्या नावावर घेतलेले नंबर, आणि त्यांच्यावरून ४ कोटी ९० लाखांहून जास्त अकाउंट उघडली गेली असं तपासात पुढे आलं. त्यांच्या दोन वेबसाइट पोलिसांनी ताब्यात घेतल्या. ती अकाउंट वापरून लोकांना लुबाडलं गेलं, खोटी दुकानं, खोटी गुंतवणूक, "आई मी आहे, हा माझा नवीन नंबर" असले मेसेज. म्हणजे मी जे वीस-पंचवीस रुपये भरले ते साखळीत कुठे जातात हे मला सांगता येत नाही, आणि हे मला मनापासून खटकलं. ज्या फोनच्या त्रासापासून लांब जायचं म्हणून इथे आलो त्याच त्रासाचा कारखाना इथे आहे.

भारताच्या नंबराचं तर अजून गंभीर आहे. या साइटवर +९१ चे नंबर सर्रास दिसतात. आपल्याकडे केवायसीशिवाय सिम मिळत नाही, २०२३ साली सरकारने सिम विकणाऱ्यांची पडताळणी सक्तीची केली आणि घाऊक कनेक्शन देणं बंद केलं. मग बिनओळखीच्या माणसाला वीस मिनिटांसाठी मिळणारा +९१ नंबर कुणाच्या नावावर आहे? कुणाच्या तरी आधारवर घेतलेलं सिम आहे ते, त्या माणसाला बहुधा पत्ताही नसेल. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे फसवणुकीने किंवा दुसऱ्याच्या नावाने सिम मिळवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हे कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे. भाड्याने घेणारा यात कुठे बसतो ते वकील सांगतील, मी एवढंच म्हणतो की त्या नंबरावर आदल्या दिवशी कुणी कुणाला गंडा घातलेला असला आणि शिवाजीनगरच्या सायबर पोलीस स्टेशनला तक्रार गेलेली असली तर त्याच नंबराच्या यादीत आपलं अकाउंट का म्हणून असावं. जाताजाता, आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी या वेबसाइटवर बघता येतं, न ओळखीचा नंबर दिसला तर तिथेच "हा माझा नंबर नाही" असं कळवता येतं. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने करावं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं तर आधी करावं, कारण त्यांच्या आधारच्या झेरॉक्स कुठे कुठे दिलेल्या असतात ते त्यांनाही आठवत नाही.

पैशाच्या एकवेळच्या नंबराला पाचपैकी दीड. अर्धा त्या पटकन मिळणाऱ्या रिफंडचा.

तिसरा प्रकार महिन्याच्या भाड्याचा. नंबर महिनाभर फक्त तुमचा, त्यावर कितीही कोड येऊ देत. हा सगळ्यात नीट चालला, मी इंग्लंडचा नंबर घेतला होता, बहुतेक ठिकाणी कोड आले, परत लॉगिन करताना पण आले. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, प्रत्येक मेसेज आधी त्यांच्या सर्व्हरवर येतो आणि मग तुम्हाला दिसतो, म्हणजे तुमचा कोड तुमच्या आधी त्यांनी वाचलेला असतो. लॉजवर खोली घेतली की किल्ली आपल्याकडे असते पण दुसरी किल्ली काउंटरवर टांगलेलीच असते, तसं आहे हे. दोन, एक महिना भाडं भरायचं राहिलं, कार्ड एक्स्पायर झालं, साइटच बंद पडली, तर तोच नंबर दुसऱ्याला जातो आणि त्याने तुमच्या अ‍ॅपमध्ये नंबर टाकून कोड मागवला की तुमचं अकाउंट त्याच्यासमोर उघडं. व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी टू-स्टेप पिन (ओटीपीशिवाय वेगळा विचारला जाणारा, आपणच ठरवलेला) लावला तरी त्याने पूर्ण संरक्षण मिळत नाही, नवीन माणूस सात दिवस थांबला तर पिन नसतानाही त्या नंबरावर आपलं व्हॉट्सअ‍ॅप चालू करू शकतो. तुमचे जुने चॅट त्याला दिसणार नाहीत, पण तुम्ही बाहेर आणि तुमच्या ग्रुपमध्ये, तुमच्या गिऱ्हाइकांसमोर तो.

नंबर दुसऱ्याला जाणं हे नेहमीच्या सिमच्या बाबतीतही होतं, फक्त तिथे नियम आहे. बंद झालेला नंबर कंपनीने ९० दिवस तरी दुसऱ्याला द्यायचा नाही, हे ट्रायने (दूरसंचार कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०२३ साली सुप्रीम कोर्टातही सांगितलंय. म्हणजे तुम्हाला तीन महिने मिळतात सगळीकडे नंबर बदलून घ्यायला. भाड्याच्या साइटवर तीन महिने सोडा, तीन तासांची पण खात्री कुणी देत नाही. वरून २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये दूरसंचार विभागाने आदेश काढला की व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, सिग्नलसारखी मेसेजिंग अ‍ॅप ज्या सिमवर उघडली ते सिम फोनमध्ये चालू असल्याशिवाय चालता कामा नयेत आणि वेबवरचं लॉगिन सहा तासांनी आपोआप बंद झालं पाहिजे. असे नियम येत असताना जे सिम आपल्या फोनमध्ये कधी नव्हतंच त्याच्यावर व्हॉट्सअ‍ॅप उघडून त्यावर धंदा उभा करणं म्हणजे स्वतःहून धोका पत्करणं आहे. पाचपैकी अडीच देतो, परदेशातल्या कुठल्यातरी साइटचं टेस्टिंग करायचं असेल, सॉफ्टवेअरचं काम करणारे असाल, तर तेवढ्यापुरता ठीक.

बँकेचं वेगळं सांगायला हवं कारण एका ओळखीच्या पोराने मला विचारलं की यूपीआय या नंबरावर चालू होईल का. नाही होणार. यूपीआयमध्ये कोड आपल्याला येतो असं आपल्याला वाटतं, पण नोंदणी करताना उलट होतं, आपल्या फोनमधल्या सिमवरून बँकेकडे एक एसएमएस जातो आणि त्यावरून सिम आणि फोन जोडले जातात. नुसते मेसेज घेणाऱ्या नंबराचा तिथे उपयोग शून्य. आधारचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरावरच जातो. आणि बँकाही आता फक्त एसएमएसवर राहणार नाहीत, रिझर्व्ह बँकेचे २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आलेले निर्देश १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत, त्यात ओटीपीशिवाय दुसऱ्या पद्धतींना मोकळीक दिलीये.

आता उपाय. पहिला आणि सगळ्यात चांगला म्हणजे दुसरं सिम. ऐकायला काहीच विशेष नाही, पण हेच उत्तर आहे. एका माणसाच्या नावावर नऊ सिम कायद्याने चालतात, फोन बहुतेकांचे ड्युअल सिम असतात, आणि दुसरा खाचा रिकामा नसेल तर जिओ, एअरटेल, व्ही तिघंही ई-सिम (वेगळं कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम) देतात. आपल्या नावावर, आपल्या केवायसीने, कोड आपल्याच फोनमध्ये. रिचार्ज कमीत कमीचा ठेवायचा, तो वेळेवर करायचा, आणि अधूनमधून त्यावरून एखादा फोन लावायचा, कारण ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते. व्हॉट्सअ‍ॅपने २०२३ मध्ये एका फोनवर दोन नंबरांची सोय दिली त्यामुळे दुसरा फोन पण लागत नाही. मी आता फ्लॅटच्या जाहिराती, जुन्या वस्तू, कुरियर, दुकानांची बिलं, सगळीकडे तो दुसरा नंबर देतो आणि संध्याकाळी सातनंतर ते सिम सेटिंगमधून बंद करून टाकतो. ब्रोकर अजून फोन करत असतील, मला येत नाहीत. मैत्रिणीने पण हेच केलं, आणि तिने तर जुन्या वस्तूंचं काम झालं की तो नंबर, रिचार्ज आणि अधूनमधून लावायचा एखादा फोन सोडला तर, महिनोन्महिने बंदच ठेवायचा ठरवलंय. या उपायाला पाचपैकी साडेचार, अर्धा कमी एवढ्यासाठी की सगळ्या कंपन्यांचे रिचार्ज महाग झालेत आणि नुसता नंबर जिवंत ठेवायला पण दर महिन्याला पैसे जातात, कमी वापरवाल्या माणसावर हा अन्यायच आहे.

दुसरा उपाय छोट्या धंदेवाल्यांसाठी आणि तो फार कमी लोकांना माहितीये. आमच्या वहिनी सदाशिव पेठेत घरगुती फराळाच्या ऑर्डर घेतात, चकली, अनारसे, कडबोळी, दिवाळीच्या आधी महिनाभर फोन खाली ठेवायला मिळत नाही. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मला तो ऑनलाइन नंबर घेऊन द्या ना, माझ्या नंबरावर रात्री बेरात्री लोक व्हिडिओ कॉल करतात." मी म्हटलं नको, घरात लँडलाइन आहे ना अजून? व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस लँडलाइनच्या नंबरावर उघडता येतं. नंबर टाकताना ०२० मधलं पुढचं शून्य काढून +९१ २० आणि मग आठ आकडे, एसएमएस अर्थातच येत नाही, तो वेळ संपला की "मला कॉल करा" असा पर्याय येतो, तो दाबला की घरचा फोन वाजतो आणि मशीन सहा आकडे बोलून दाखवतं, कागद पेन्सिल घेऊन बसायचं. झालं काम. गिऱ्हाइकांना ०२० चा नंबर दिसतो, वर्षानुवर्षं पत्रिकेवर आणि पिशवीवर छापलेला तोच नंबर, त्यामुळे विश्वासही बसतो, आणि वहिनींचा स्वतःचा मोबाईल कुणाकडे जात नाही. मेसेज इंटरनेटवरून येतात त्यामुळे त्या घराबाहेर असल्या तरी ऑर्डर दिसतात. फक्त ते लँडलाइनचं कनेक्शन पुढेही चालू ठेवावं लागतं, ते सोडलं तर नंबर जाईल हे त्यांना आधीच सांगितलंय, आणि वर लिहिलेला सिमचा आदेश लँडलाइनच्या नंबराला कसा लागू होईल हे मला सांगता येत नाही. त्या काउंटरवरच्या किल्लीचा प्रश्नच इथे येत नाही, फोन घरात, कोड घरात. याला पूर्ण पाच.

तिसरं, बऱ्याचदा आपल्याला दुसरा नंबर नकोच असतो, फक्त समोरच्याला आपला नंबर दिसू नये एवढंच हवं असतं. सिग्नलने २०२४ च्या फेब्रुवारीपासून युजरनेम दिलंय, नोंदणीला नंबर लागतोच पण समोरच्याला दिसत नाही. टेलिग्राममध्ये प्रायव्हसीत जाऊन "माझा नंबर कोण बघू शकतं" याला "कुणीच नाही" करता येतं, हे सेटिंग मी घरातल्या सगळ्या पोरांच्या फोनवर करून दिलं. आणि जिथे जिथे ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप किंवा पासकी (फोनच्या लॉकने किंवा बोट लावून होणारं लॉगिन) लावता येते तिथे ती लावा, ऑथेंटिकेटरचा सहा आकडी कोड दर ३० सेकंदांनी फोनमध्येच तयार होतो, त्याला नेटवर्क लागत नाही, नंबर लागत नाही, सिम हरवलं तरी अडत नाही. त्याचे बॅकअप कोड मात्र कागदावर लिहून कपाटात ठेवा.

पैशाच्या साइटची नावं मी मुद्दाम लिहिलेली नाहीत, कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगतो, मेसेज करून पण विचारू नका. माझ्या लिहिण्यावरून कुणी तिथे पैसे भरावेत असं मला वाटत नाही.

आणि ज्यांनी आधीच एखादं कामाचं अकाउंट भाड्याच्या नंबरावर उघडून ठेवलंय त्यांनी घाबरू नका पण आजच हे करा. लॉगिन चालू आहे तोवर सेटिंगमध्ये जाऊन "नंबर बदला" करा. व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्राम दोन्हीकडे हे करताना कोड नव्या नंबरावर येतो, जुना नंबर आता तुमच्या हातात नसला तरी चालतं, फक्त फोनमध्ये अकाउंट उघडं पाहिजे. एकदा लॉगआउट झालात तर तो जुना नंबर परत मिळवण्यापासून सुरुवात करावी लागेल आणि तो मिळत नाही. नंबर बदलला की टू-स्टेप पिन लावा, त्याला आपला ईमेल जोडा, आणि "लिंक केलेली डिव्हाइस" मध्ये जाऊन अनोळखी काही दिसलं तर तिथून काढून टाका. बाकीच्या साइटवर प्रोफाइलमधला मोबाईल नंबर बदलताना काही ठिकाणी जुन्या नंबरावर पण कोड पाठवतात, तिथे भाड्याची मुदत संपायच्या आधी उरकून घ्या, आणि मुदत आधीच संपली असेल तर ईमेलवरून पडताळणी करायचा पर्याय शोधा, "नंबर वापरात नाही" अशा काहीतरी नावाने तो खाली बारीक अक्षरात असू शकतो.